आउटपुट आधीच आहे

राजश्री गेल्याचं मला फोनवर कळलं. मी तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत, आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात, पंपाच्या एका ड्रॉइंगवर मापं टाकत होतो. तिनं त्या दिवशी रजा घेतली होती आणि सकाळीच कुंभारीला आईकडं गेली होती. फोन तिच्या भावाचा, सतीशचा होता.

"दाजी, या," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तुमी या आधी."

मागून बाईमाणसाचं रडणं ऐकू आलं आणि त्यानं फोन ठेवला. त्या रडण्यावरून मला कळलं. मी उठलो, पण उठायच्या आधी ड्रॉइंगची फाइल सेव्ह केली. हात आपोआप गेला. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली तर लागेना. सिक्युरिटीवाल्यानं लावून दिली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. आईच्या दारात चप्पल काढताना ती खाली बसली आणि परत उठली नाही. त्याआधी काही आठवडे तिचं डोकं दुखत होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं तिला वाटलं, मलाही वाटलं. आम्ही नवीन चष्मा करून आणला होता.

आम्ही दोघं एकाच कंपनीत कामाला. मी साच्याचं ड्रॉइंग काढतो. राजश्री सिम्युलेशन करायची. म्हणजे लोखंड प्रत्यक्ष ओतायच्या आधी ते कॉम्प्युटरवर ओतून बघायचं. रस कुठून भरेल, कुठं आधी थंड होईल, कुठं मागं राहील. जो भाग सगळ्यात शेवटी थंड होतो तिथं लोखंड आकसतं आणि आत पोकळी राहते. ती वरून दिसत नाही. म्हणून आधी बघायचं. आम्हाला एक मुलगी आहे, शुभदा. ती पुण्यात शिकते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कुंभारीच्या विहारात झाला. आमच्या कंपनीचे मृत्युंजय साहेब आले होते. तेच आमच्या विभागाचे प्रमुख. वस्तीतल्या लोकांनी त्या दिवशी ठरवलं की विहाराशेजारच्या अभ्यासिकेला राजश्रीचं नाव द्यायचं. त्या वस्तीतली ती पहिली इंजिनिअर. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, अभ्यासिकेला कंपनी दोन कॉम्प्युटर देईल. मग ते हुकाबद्दल बोलले.

हा हुक म्हणजे उसाच्या ट्रॉलीला पुढच्या ट्रॅक्टरशी जोडतो तो. मोहोळकडचा एक कारखानदार ट्रॉल्या बनवतो, त्याची ऑर्डर होती. राजश्रीनं पूर्ण केलेलं ते शेवटचं काम. साहेब म्हणाले, "मॅडमचं काम असं होतं की पहिल्याच ओतात एकही नग नापास झाला नाही. कस्टमरनं मला स्वतः फोन करून सांगितलं." माझी सासू नागूबाई पुढं सतरंजीवर बसली होती. मी त्यांना मामी म्हणतो. त्यांनी विड्या वळून राजश्रीला शिकवलं. साहेब बोलत होते तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान ताठ ठेवली. त्या दिवसांत मी त्यांना तेवढंच एकदा ताठ बसलेलं पाहिलं.

मी कामावर परत गेलो. घरात बसून करायचं काय. राजश्रीच्या टेबलावर तिचा फोटो ठेवला होता आणि कॉम्प्युटरवर कुणीतरी टॉवेल घातला होता. तिच्या जागी अजून माणूस घेतलेला नव्हता. मोहोळच्या कस्टमरला त्याच हुकाचा थोडा मोठा प्रकार हवा होता. साहेब म्हणाले, "दिपक, मॅडमनी सगळं बसवून ठेवलंय. फक्त नवीन ड्रॉइंग घाला आणि चालवा. तुम्हाला जमेल. जड जात असेल तर राहू द्या, बाहेरून करून घेऊ."

मी म्हणालो, करतो.

आमच्याकडं कॉम्प्युटरची कामं शिवू बघतो. तो अक्कलकोटकडचा. त्यानं टॉवेल काढला, घडी करून खुर्चीच्या पाठीला टाकला.

"सर, मॅडमचं लॉगिन बंद करा म्हणून वरून मेल आलाय," तो म्हणाला. "मी अजून केलं न्हाय. तुमच्या लॉगिनला घेऊ का तसंच उघडू?"

"तसंच उघड."

"चालंल न्हवं तुमाला? बघा हं. तुमी रडाय लागलाव तर मी पण रडतो. मग मशीन कोण चालवणार?"

"उघड रे."

पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात तिचं नाव आलं. शिवू दुसरीकडं बघत उभा राहिला.

हे सॉफ्टवेअर दिसायला सोपं आहे. पडद्यावर चौकटी असतात आणि एका चौकटीतून दुसरीकडं बाण जातात. आमच्या कामाला तीन चौकटी. पहिली चौकट रस ओतते आणि थंड करते. ती दिवसभर चालते. दुसरी चौकट त्या थंड होण्यावरून पोकळी शोधते. तिसरी चित्रं काढून रिपोर्ट बनवते. या दोन्ही थोड्या वेळात होतात. प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी भरायच्या. इनपुट, म्हणजे कुठली फाइल वाचायची. आउटपुट, म्हणजे निकाल कुठल्या नावानं ठेवायचा. पहिलीचं आउटपुट तेच दुसरीचं इनपुट. एवढंच.

मी पहिल्या चौकटीत इनपुटला मोठ्या हुकाचं ड्रॉइंग दिलं. बाकी कशाला हात लावला नाही. बटन दाबलं आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत काम संपलं.

"लई फास्ट झालं की सर!" शिवू म्हणाला. "मॅडम वरून ढकलायल्यात काय?" मग त्यानं जीभ चावली. "चुकून बोललो, सर."

मी रिपोर्ट उघडला. हुक छोटाच होता. चित्रही ओळखीचं. तेच, साहेबांनी विहारात ज्याचं कौतुक केलं होतं ते.

मग मी चौकटींकडं बघितलं. दुसरी आणि तिसरी हिरवी होती. पहिली करडी. करडीवर माउस नेला तर एक ओळ आली, इंग्रजीत. तिचा अर्थ असा की आउटपुट आधीच आहे, पायरी वगळली.

ही सोय राजश्रीनंच चालू केली होती, आणि त्याचं कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. चिंचोळीत लाइट जाते. आमचा बॅटरी बॅकअप जुना. पहिली चौकट दिवसभर चालून संपायची, दुसरी चालू असताना लाइट जायची, आणि परत सुरू केलं की पहिल्यापासून दिवसभर. शेवटी तिनं पहिल्या चौकटीला सांगून ठेवलं की तुझं आउटपुट फोल्डरमध्ये आधीच असेल तर तू परत चालू नको, पुढं जा. पहिल्या चौकटीतच लाइट गेली तर अर्धवट फाइल राजश्री स्वतः पुसायची. त्यात एकच पथ्य होतं. ड्रॉइंग बदललं की आउटपुटचं नावही हातानं बदलायचं. नाही बदललं तर चौकटीला जुनी फाइल दिसते आणि ती गप्प पुढं जाते. चूक झाली असं कुठं लाल येत नाही. राजश्री हे पथ्य सगळ्यांना सांगायची. मलाच कितीदा सांगितलं असेल.

आज मी नाव बदललं नव्हतं, म्हणून मला जुन्या हुकाचा निकाल मिळाला. हे समजल्यावर मी हसलोसुद्धा. ती असती तर म्हणाली असती, नुसती चित्रं काढता येतात तुम्हाला. नाव बदलायला मी चौकट उघडली आणि मग दिसलं की तिथं आउटपुटला 'हुक एक' असं नाव होतं.

छोट्या हुकाची ड्रॉइंगं दोन झाली होती. पहिलं कस्टमरला पसंत पडलं नाही. हुकाची मान जाड करा म्हणाले. मी जाड केली आणि दुसरं ड्रॉइंग राजश्रीला दिलं. जाड मान उशिरा थंड होते, म्हणून ते परत चालवून बघणं गरजेचं होतं. तिनं चालवलं, रिपोर्ट स्वच्छ आला, आम्ही ओतलं. असं आम्ही सगळे धरून होतो.

मी तिच्या शेवटच्या रनची नोंद उघडली. इनपुट, हुक दोन. आउटपुट, हुक एक. पहिली चौकट करडी. फोल्डरमध्ये त्या आउटपुट फाइलची तारीख बघितली. दुसरं ड्रॉइंग काढायच्या आधीची होती.

म्हणजे जाड मानेचा हुक कॉम्प्युटरवर कधी ओतलाच गेला नव्हता.

"काय झालं सर?" शिवूनं विचारलं.

"काही नाही. तू जा."

"चहा गार झाला."

"असू दे."

मी 'हुक दोन' हेच इनपुट दिलं, आउटपुटला नवीन नाव दिलं आणि चालवलं. पहिली चौकट या वेळी निळी झाली, म्हणजे चालू. ती दिवसभर चालली. दुपारी लाइट गेली, परत पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मानेच्या मधोमध लाल डाग होता.

तरी कॉम्प्युटर म्हणतो म्हणून पोकळी असतेच असं नाही. मी स्टोअरमधून हुक घेतला. प्रत्येक ओतातले काही नग आम्ही ठेवून घेतो. तो घेऊन कापणाऱ्या मशीनवर कल्लप्पाकडं गेलो. कल्लप्पा माझ्याहून मोठा, कंपनीत माझ्या आधीपासून आहे.

"हा कापायचा आहे," मी म्हणालो.

"परत? ह्याचा कान कापून झालाय की, सर. मॅडमनी खूण करून दिलती तितंच कापलं. आत लोण्यासारखं निगालं."

ते खरं होतं. आम्ही नग कापतो ते रिपोर्टमध्ये धोका दिसेल तिथंच. सगळीकडं कापत बसलं तर दिवस पुरणार नाही. जुन्या रिपोर्टमध्ये थोडा धोका कानात, म्हणजे खिळ घालायच्या भोकाच्या कडेला, दिसत होता, म्हणून कान कापला होता.

"आता मान काप."

"मान?" कल्लप्पानं हुक उलटा करून बघितला. "आमी लिंगायत माणसं, सर. मान कापायचं काम आमाला लावताव व्हय? खाटकाकडं न्या."

शेजारच्या मशीनवरचे हसले. कल्लप्पानं हुक शिकंज्यात धरला आणि करवत लावली. पाणी सुटलं. कापून झाल्यावर त्यानं तोंड चाकावर घासलं, फडक्यानं पुसलं आणि उजेडाला धरलं. मग हसणं बंद झालं.

"अय्यो," तो म्हणाला.

चिंचोक्याएवढी पोकळी होती. त्यानं नख घालून बघितलं. नख आत गेलं.

"मॅडम चुकल्या?"

मी तो तुकडा हातात घेतला.

"हे एकच खराब असंल, सर. कुणाला बोलू नका. ठिवा हितंच."

"अजून दोन काप."

त्यानं कापले. दोन्हींत होती. कल्लप्पानं तिन्ही हुक फडक्यात बांधून माझ्या हातात दिले आणि मशीन बंद करून बाहेर जाऊन उभा राहिला.

मृत्युंजय साहेबांच्या टेबलावर मी फडकं सोडलं. सगळं सांगितलं. साहेबांनी एकेक हुक उचलून पोकळी बघितली. शेवटी विचारलं, "गेलेले हुक कुठं आहेत?"

"ट्रॉल्यांना लागलेत. साखर कारखाने सुरू झालेत. ट्रॉल्या रस्त्यावर आहेत."

आमच्या रस्त्यांवर या दिवसांत कसं चालतं ते साहेबांना सांगायची गरज नव्हती. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस केबिनच्या वर गेलेला, मागं दिवा नाही. हायवेचा चढ. मागून मोटरसायकलवर बायकापोरं घेऊन माणसं. मान तुटली तर ट्रॉली उलटी मागं येईल.

"परत मागवायचे," साहेब म्हणाले. "त्यात प्रश्न नाही. आजच फोन करतो. तुटलेला एक तरी आहे का?"

"कळलेला नाही."

"चांगलं. आता कारण काय लिहायचं?" ते उठून खिडकीकडं गेले. "वाळू लिहू. साच्याच्या वाळूत ओल होती. ओलीनंही पोकळी होते."

"ओलीची पोकळी गोल असते, साहेब. ही खरबरीत आहे."

"ते तुम्हाला कळतं, मला कळतं. मोहोळला कोण भिंग लावून बघणार आहे? दिपक, मी त्या दिवशी विहारात उभा राहून बोललोय. तुमच्या सासूबाई समोर होत्या. मॅडमचं नाव या कागदावर यायला नको. तुम्हाला हवंय का?"

मला नको होतं. त्यांना ते दिसलं असणार.

"मग झालं तर. हुक परत येतील, नवीन जातील. कुणाचं नुकसान नाही."

"साहेब, तिनं बाकीची कामं पण त्याच पद्धतीनं केलीत. ट्रॉलीच्या चाकाचा हब आहे, पंप आहेत. प्रत्येकात ही सोय चालू आहे. कुठं नाव बदललं, कुठं राहिलं, ते उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही. काही फाइली तिनं पुसल्यात, ती कामं परतच चालवावी लागतील."

"बघू की हळूहळू. हातातल्या ऑर्डरी झाल्या की."

हळूहळू म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्या सॉफ्टवेअरचं आमच्याकडं एकच लायसन्स आहे. एका वेळी एकच काम चालतं, आणि एका कामाला एक दिवस जातो. नवीन ऑर्डर रोज असते. कागदावर वाळू असं कारण लिहिलं की वाळू तपासली जाणार, सॉफ्टवेअरला जुन्या कामांसाठी एकही दिवस कुणी देणार नाही. कारण सॉफ्टवेअरचं लिहिलं तरच ती कामं परत चालवणं भाग पडेल. आणि ते कारण लिहिलं की खाली चालवणाऱ्याचं नाव येतं.

साहेबांनी वाळूचा मजकूर टाइप करून मला पाठवला. सही करायची तेवढी राहिली होती. मी तो घरी जाईपर्यंत मोबाइलवर चार-पाच वेळा वाचला. चांगला लिहिला होता. सही करावी असं मला वाटत होतं. शुभदाला फोन लावला.

"पप्पा, मला आत्ता मम्मीबद्दल काही सांगू नका," ती म्हणाली. "उद्या पेपर आहे. मी अभ्यासाला बसते आणि उठते, बसते आणि उठते. नंतर सांगा."

"बरं. जेवलीस का?"

"जेवते."

सुट्टीच्या दिवशी मी कुंभारीला गेलो. मामींना हे बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. मामी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. आत भिंतीला टेकून अभ्यासिकेचा बोर्ड उभा होता, निळ्यावर पांढरी अक्षरं, रंग नुकताच वाळलेला. सतीशनं मला दाखवला. "अक्षर कसं आलंय, दाजी? पेंटर आपल्यातलाच. पैसं घेतलं न्हाईत." मी चांगलं आलंय म्हणालो.

मग मी मामींना सांगितलं. चौकटी आणि बाण सांगून काही कळलं नसतं. मी म्हणालो, "मामी, हुकाचं माप बदललं होतं. राजश्रीनं नवीन माप घातलं, पण तपासणी जुन्याच मापाची राहिली. जुना निकाल नव्याला लागला. हुकात पोकळी निघालीय. ते ट्रॉलीला लागलेत."

मामी तांदूळ निवडत राहिल्या.

"कुणी मेलं का?"

"नाही. अजून नाही."

"मग परत आणा हुक."

"आणतायत. पण कारण लिहावं लागतं. साहेब म्हणतात वाळूचं लिहा. मी तिच्या कामाचं लिहावं म्हणतोय. तिची बाकीची कामं पण तपासायला पाहिजेत, आणि तसं लिहिलं तरच ती तपासली जातील."

आता त्यांनी सूप खाली ठेवलं.

"साहेब परका माणूस. त्यो म्हणतोय वाळू. आन् नवरा म्हणतोय बायकू."

"मामी, उद्या दुसरं काही तुटलं तर..."

"मला शिकवू नका. माझ्या ध्यानात आलं. लोकास्नी लागंल, मरंल कोण तरी. आलं ध्यानात. पर ती असती तर तिनं उत्तर दिलं असतं. उबी ऱ्हाऊन दिलं असतं. आता कोण देणार तिच्या बाजूनं? तुमी? तुमीच तर लिवायलाव."

सतीश मध्ये पडला. "दाजी, डोकं दुकत होतं तिचं. लई दुकायचं. ते तरी लिवा की."

"लिहितो," मी म्हणालो.

"लिवा म्हणं," मामी म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. मी कधीही गेलो तरी जेवल्याशिवाय त्या मला सोडत नाहीत. त्या दिवशी त्या परत बाहेर आल्या नाहीत. सतीश मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. जय भीम म्हणाला, पण हात खिशातच होते.

दुसऱ्या दिवशी मी माझा मजकूर लिहून साहेबांकडं नेला. काय झालं ते लिहिलं, कुठली सोय चालू होती ते लिहिलं, ती सोय का घेतली होती ते लिहिलं. शेवटी लिहिलं की काम करणाऱ्या व्यक्तीची तब्येत त्या काळात बरी नव्हती, तिचं डोकं सतत दुखत होतं, आणि पुढं त्याच आजारानं तिचा मृत्यू झाला.

साहेबांनी वाचलं.

"तुम्ही ठरवलंच आहे."

"हो."

"कस्टमर आता बाकीचं पण उकरणार. वर मला उत्तर द्यावं लागणार." त्यांनी पेन घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. "हे राहू शकत नाही."

"ते खरं आहे, साहेब."

"त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून नाव बदलायचं राहिलं, असं डॉक्टर लिहून देतील?"

मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, असू शकतं, नसूही शकतं, आता सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हणालो.

"आणि खाली सही नवऱ्याची. काय म्हणतील? बायकोला सांभाळून घेतलं म्हणतील. मग तुमच्या बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवणार नाहीत. मी तुमच्या विरुद्ध बोलत नाही, दिपक. मी असाच विचार करतो, कस्टमरही असाच करणार."

ते बरोबर बोलत होते. मी ते वाक्य काढलं. जे गेलं त्यात एवढंच आहे की चालवणाऱ्यानं आउटपुट फाइलचं नाव बदललं नाही. चालवणाऱ्याचं नाव खाली आहे. का बदललं नाही ते कुठंच नाही. मलाही ते माहीत नाही. डोकं दुखत होतं म्हणून असेल. नसेलही. धडधाकट माणूसही एखाद्या दिवशी विसरतो. मी रोज तिच्या शेजारी बसून डबा खात होतो आणि त्या दिवशी ती कशी होती ते मला आठवत नाही.

आता ऑफिसात माझ्याशी लोक नीट बोलतात, पण मी आलो की बोलणं थांबतं. कल्लप्पानं मला एकदा विचारलं, "तुमी लिवलाव?" मी हो म्हणालो. "तुमाला झोप लागती का?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. मी म्हणालो, लागते कधीकधी. परत आलेले हुक तोच मधून कापतो, म्हणजे ते चुकून कुठं परत जाणार नाहीत. कापलेले सगळे भट्टीत जातात.

अभ्यासिकेचा कार्यक्रम पुढं ढकलला. साहेबांनी कॉम्प्युटर देणार नाही असं म्हटलेलं नाही, कधी देणार तेही म्हटलेलं नाही. शुभदाची परीक्षा संपली. तिला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजीला फोन केला होता मी. ती तुमच्याबद्दल काहीच बोलली नाही." मग म्हणाली, "मी आले की आपण जाऊ." मी बरं म्हणालो.

वगळायची सोय मी बंद केली. आता लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. त्यावरून ओरड चालू आहे, शिवूनं नवीन बॅटरीची मागणी दिली आहे. राजश्रीचं लॉगिन बंद झालं. तिची कामं माझ्या लॉगिनला घ्यायची म्हणजे प्रत्येक चौकटीतला पत्ता बदलावा लागतो, कारण सगळे पत्ते तिच्या फोल्डरचे आहेत. आधी इनपुटचा, मग आउटपुटचा, मग पुढच्या चौकटीच्या इनपुटचा. एक जरी पत्ता राहिला तरी चौकट लाल होते आणि फाइल सापडत नाही म्हणते. मी तिच्या फोल्डरचं नाव पुसतो आणि माझं घालतो. एक काम झालं की त्यात तिचं नाव कुठंच राहत नाही. हे काम दुसऱ्या कुणाला द्या असं साहेब म्हणाले होते. मी दिलं नाही.

कस्टमरनं आठवड्यातून एक दिवस जुन्या कामांसाठी राखून ठेवायला लावला आहे. चाकाचा हब चालवून झाला, त्यात काही निघालं नाही. तिनं नाव बरोबर बदललं होतं. एका पंपातही बरोबर होतं. दुसऱ्या पंपात जुनीच फाइल लागली होती, पण तो कापून बघितला तर आतून धड निघाला.

बाकीची कामं अजून चालवायची आहेत. मोहोळच्या पुढं विकल्या गेलेल्या काही ट्रॉल्यांचे मालक सापडलेले नाहीत आणि त्यांचे हुक परत आलेले नाहीत. मामींकडं मी गेलेलो नाही.